खाऱ्या पाण्यातली दाढी

आमच्याकडच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही. पूर्णा नदीच्या बाजूचा हा पट्टा, याला खारपाणपट्टाच म्हणतात. विहीर खणा नाहीतर बोअर मारा, वर येतं ते खारं. डाळ चुलीवर किती ठेवली तरी टणक राहते, चहात दूध टाकलं की फाटतं, आणि अंगाला साबण घासला तर फेसाच्या जागी पांढऱ्या कण्या निघतात. अशा गावात माझ्या बाबांचा धंदा होता दाढी-कटिंगचा.

दुकान म्हणजे पत्र्याची टपरी, ग्रामपंचायतीच्या जागेवर, पाण्याच्या टाकीखाली. टाकी उंच आणि सिमेंटची, पण कोरडी. धरणाचं गोड पाणी येणार म्हणून मी शाळेत असताना ती बांधली. उद्घाटनाचे पेढे आम्ही खाल्ले, पाणी मात्र चढलं नाही. सावली बरी पडते, असं बाबा म्हणायचे, आणि ते खरंच मनापासून म्हणायचे.

दाढीला फेस लागतोच. त्यासाठी बाबांनी एक सोय करून ठेवली होती. सोनाळा हे गाव डोंगराच्या पायथ्याला, तिकडचं पाणी गोड. तिकडून येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरची दाढी बाबा फुकट करायचे आणि तो तिथल्या स्टँडवरून आमच्यासाठी एक कॅन भरून आणायचा, मागच्या सीटखाली ठेवून. कॅनमधलं बरंचसं पाणी दुकानाला लागायचं. जे उरायचं ते घरातल्या लहान माठात. तो माठ पाहुण्यांचा. आम्ही प्यायचो मोठ्या माठातलं, बोअरचं. लहानपणी तहान लागली म्हणून मी एकदा लहान माठात ग्लास बुडवला, तर मायनं हातावर चापट मारली होती. "पाहुना आला तं काय देऊ त्याले?" एवढंच म्हणाली. चूक माझीच आहे असं मला तेव्हा वाटलं. घरोघरी असेच दोन माठ होते, त्यामुळे यात काही वेगळं आहे असं कोणाला वाटतच नव्हतं.

मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. बी.एस्सी., रसायनशास्त्र. हे मी कुठंही सांगते आणि सांगताना आवाज खाली करत नाही. माझ्या फीसाठी बाबा लग्नसराईत आठ-आठ तास उभे राहिलेत. कॉलेजात दुष्फेन पाण्याचा प्रयोग होता. परीक्षानळीत साबणाचं पाणी घालून हलवायचं आणि फेस किती येतो ते बघायचं. बाकीच्या पोरी हसतखेळत लिहून घेत होत्या. माझ्या नळीत त्या ओळखीच्या कण्या तरंगल्या आणि मला एकदम बाबांची वाटी दिसली.

डिग्री झाली त्याच वर्षी बाबांचे पाय सुजायला लागले. सकाळी चप्पल घालताना पट्टा पुरेना. अकोल्याला नेलं. तपासण्या झाल्या, आणि डॉक्टर माझ्याकडे बघून बोलले, कारण इंग्रजी कागद माझ्या हातात होता. "मूत्रपिंडांवर परिणाम झालाय. अजून वेळ गेलेली नाही. पण ते बोअरचं पाणी आजपासून बंद. नाहीतर डायलिसिस फार लांब नाही."

बाबांनी मान हलवली. घरी आल्यावर मोठ्या माठातूनच ग्लास भरला.

"बाबा."

"हाव, आयकलं मी. पन कॅन घरी आनला तं दुकानात काय करू? खाऱ्या पान्यात वस्तरा फिरवला तं कातडं सोलते मानसाचं. कोन बसन मंग माह्या खुर्चीत?"

मी तो इंग्रजी कागद घडी करून फाइलीत ठेवला.

तेवढ्यात लोकसभेची निवडणूक आली.

निवडणुकीचं सगळं राजकारण बाबांच्या टपरीत उतरायचं. गावात एक काका होते, आमच्याच आळीतले, बाबांचे लहानपणचे सोबती. पक्षाचं काम करायचे. कोणत्या पक्षाचं, हे त्या त्या वर्षावर असायचं. त्यांचे नेते, ज्यांना सगळा भाग 'भाऊ' म्हणतो, ते जिकडे जातील तिकडे काका. यंदा भाऊंनी पुन्हा पक्ष बदलला होता. काका नव्या रंगाचा दुपट्टा गळ्यात घालून खुर्चीत बसले तेव्हा बाकावरचा एक म्हातारा म्हणाला, "काऊन बे, जुना दुपट्टा कुठी गेला?"

"जुनाच हाय थो," दुसरा म्हणाला. "आपल्या पान्यात धुतला असन, म्हनून रंग गेला."

सगळे हसले. काकाही हसले, पण डोळ्यांनी नाही. "हसा लेकहो. मानूस पाहा, रंग काय पाह्यता."

"मानूस पाहूनच तं मागच्या टायमाले देल्लं होतं," म्हातारा टाकीकडे बोट दाखवून म्हणाला. "ते पाहा आपलं मत, उभं हाय वरतं. कोरडं ठणठणीत."

यंदा बूथवर जायचंच नाही, अशी भाषा गावात सुरू झाली. एक जण म्हणायचा बहिष्कार टाकू, दुसरा म्हणायचा समोरच्याला देऊ. समोरचा मागच्या वेळी भाऊंच्याच गाडीत बसून आला होता, हे तिसरा आठवण करून द्यायचा. मग सगळे पुन्हा टाकीकडे बघायचे. मी डबा घेऊन दाराशी उभी असायची आणि ऐकायची. राग सगळ्यांनाच होता, पण नेत्याच्या तोंडावर बोलायची वेळ आली की हेच लोक हात जोडतात, हे मी पाहिलेलं होतं.

पाहिलं होतं म्हणजे असं. मागच्या निवडणुकीत भाऊ आमच्या आळीत आले होते. ऊन फार होतं. त्यांनी आमच्याच ओट्यावर बसून पाणी मागितलं. मायनं लहान माठातलं पाणी स्टीलच्या ग्लासात दिलं. भाऊंनी घटाघटा पिऊन सगळ्यांसमोर म्हटलं, "लोक उगाच बोंबलतात. पाणी तर चांगलं गोड आहे तुमच्या गावाचं." आणि आळीतले सगळे हसले. कौतुक झाल्यासारखे हसले. मायसुद्धा. भाऊ खोटं बोलले नव्हते. त्यांना आम्ही जे पाजलं त्यावरून बोलले. आधीच्या किती निवडणुकांत आमच्या गावानं प्रत्येक नेत्याला असंच गोड पाणी पाजलं असेल, याचा विचार मी तेव्हापासून करत होते.

काका एका संध्याकाळी घरी आले. चेहऱ्यावर काम होतं.

"भाऊ परवा येऊन राह्यले," ते बाबांना म्हणाले. "तुह्या दुकानात बसनार. दाढी करनार. मोबाइलवाले पोट्टे येतीन, व्हिडिओ काढतीन. साधा मानूस, गरिबाच्या दुकानात, असं. समजलं ना?"

"समजलं."

"पान्याचा विषय नाही काढाचा."

मी बोलले. "काऊन नाही काढाचा, काका?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग गोड आवाजात म्हणाले, "तू शिकेल पोरगी हायस. तुह्यासाठी मी भाऊजवळ शब्द टाकला हाय. त्याइच्या शाळेत सायन्सची जागा निंघनार हाय. औक्षण तू करजो. फोटोत दिसली पायजे."

"आन पान्याचं?"

आवाजातलं गोड गेलं. "टपरी कोनाच्या जागेवर हाय ते बापाले विचार. पंचायत कोनाच्या हातात हाय तेही विचार. मी आपला मानूस म्हनून आधी सांगून राह्यलो. बाकीचे सांगनार नाहीत, सिद्धे उचलतीन."

ते गेल्यावर घरात कोणी कोणाकडे बघेना. बाबा पाय खाली सोडून बसले होते. सुजेनं घोटे दिसत नव्हते.

"त्याले आपलं पानी पाजू," मी म्हटलं. "मोठ्या माठातलं. काही बोलाचं कामच नाही."

माय एकदम उसळली. "दारात आलेल्या मानसाले खारं पानी देऊ? हे शिकवलं का तुले कॉलेजात?"

"माय, मांगच्या टायमाले थो काय म्हनला होता आठोते ना? पानी गोड हाय म्हनला."

"मंग? चांगलंच म्हनला ना."

"म्हनूनच तं आलं नाही पानी."

माय थांबली. तिला ते पटलं की नाही, मला कळलं नाही. ती उठून पिठाचा डबा काढायला लागली, जोरजोरात. बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "दुकान माह्यं हाय. काय कराचं ते मी पाह्यतो. तू औक्षणाचं ताट तयार ठेवजो."

मला वाटलं बाबा घाबरले. टपरी गेली तर घर कशावर चालणार, हे मलाही दिसत होतं. पण डॉक्टरांचं वाक्यही माझ्या कानात होतं. त्या दोन दिवसांत मी बाबांशी धड बोलले नाही.

भाऊ येणार त्याच्या आदल्या दिवशी गावात टँकर आला. कोणी मागितला नव्हता. आळीतल्या बाया ड्रम, घागरी, घमेली घेऊन धावल्या. टँकरवर भाऊंचा फोटो होता. ड्रम भरले तशी तोंडं बंद होत गेली. बहिष्काराची भाषा करणाऱ्यांनीच आधी नंबर लावला होता. मी त्यांना नावं ठेवणार नाही, आमच्या मायनंही दोन घागरी भरल्या. आणि काकांनी दुकानासाठी खास थंड पाण्याचा एक मोठा जार पाठवला. निळा, सील लावलेला. "दाढी यातूनच कराची," असा निरोप होता.

तो जार बाबांनी दुकानात ठेवला नाही. सायकलवर बांधून घरी आणला आणि मायसमोर ठेवला.

"हे काय?" माय म्हणाली.

"प्यायले."

"आन उद्या दुकानात?"

बाबा हात धुवायला मागे गेले. मला तेव्हाही नीट उलगडलं नव्हतं. दुकानात कॅन असेलच, असं मी धरून चालले.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाड्या आल्या. ऊन टाकीवर तापत होतं. टपरीसमोर एवढी गर्दी की मला आणि मायला ताट घेऊन उभं राहायला जागा मिळेना. मायच्या एका हातात पाण्याचा ग्लास होता, लहान माठातला. मी औक्षण केलं. भाऊंनी ताटात नोट ठेवली, मोबाइलांकडे बघून हसले आणि खुर्चीत बसले. "करा," ते बाबांना म्हणाले, "तुमच्या हातानं जरा तोंड उजळू द्या." लोक हसले. दाराशी त्यांचा बंदूकवाला उभा राहिला.

बाबांनी पांढरा कपडा गळ्याभोवती बांधला. मग वाटी घेतली आणि दाराजवळच्या काळ्या बादलीत बुडवली. त्या बादलीत बोअरचं पाणी असायचं. फरशी पुसायला, कंगवे धुवायला.

काकांनीही पाहिलं होतं. ते गर्दीतून पुढे सरकले आणि दातांतून म्हणाले, "जार कुठी हाय?"

"घरी," बाबा म्हणाले. आवाज रोजचा.

ब्रश साबणावर फिरला आणि मग भाऊंच्या गालावर. फेस आला नाही. कण्या आल्या, पांढऱ्या, दूध फाटल्यासारख्या, आणि हनुवटीवरून कपड्यावर ओघळल्या. भाऊंनी आरशात पाहिलं. मोबाइलवाली पोरं अजून चित्रण करत होती, त्यामुळे त्यांनी हसू तसंच ठेवलं.

"फेस नाही येत का?"

"ह्या पान्यात येत नाही, भाऊ."

"दुसरं घ्या मग."

"दुसरं नाही." बाबांनी वस्तऱ्यात नवं ब्लेड घातलं. "डॉक्टरनं मले गोड पानी प्यायले सांगतलं. कॅन आता घरी नेतो. इथं हेच हाय."

वस्तरा गालाला लागला. खर्र असा आवाज आला, भाकरी खरवडल्यासारखा. इतके लोक असून तो आवाज मागपर्यंत गेला. बंदूकवाला एक पाऊल आत आला. भाऊंनी मान हलवायचा प्रयत्न केला.

"हालू नका," बाबा म्हणाले. "कोरडं हाय, लागन."

वस्तरा गळ्यापाशी होता. बाबांचा हात नेहमीसारखाच चालत होता. भाऊंना उठता येत नव्हतं. अर्धी दाढी झालेली, समोर मोबाइल, बाहेर गाव. जबड्याखाली एक थेंब रक्त आलं. बाबांनी लगेच तुरटी फिरवली, नेहमीच्या गिऱ्हाइकाला फिरवतात तशीच.

"मागं आलो होतो तेव्हा तर पाणी गोड होतं तुमच्या गावाचं," भाऊ म्हणाले. आता हसू उरलं नव्हतं.

"ते पाहुन्याचं होतं, भाऊ. ते आमी पीत नाही. आमी हे पेतो." बाबांनी पायजम्याची कड जरा वर केली आणि पाय पुढे केला. "म्हनून हे असं हाय."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कोणी घोषणा दिली नाही. बाकावरचा म्हातारा फक्त खाकरला आणि म्हणाला, "आमच्याही घरी दोन माठ हायत." मग मागून एक बाई म्हणाली, आमच्याही. मग आणखी कोणीतरी. एवढंच.

दाढी पुरी झाली. बाबांनी अर्धवट सोडली नाही. भाऊ उठले, गाल लाल झालेला. त्यांनी पाणी मागितलं, सवयीनं मागितलं असेल. सगळ्यांनी मायकडे पाहिलं. तिच्या हातात तो ग्लास होता. मी मनात म्हणत होते, देऊ नको. मायनं दिला. ती तशीच आहे. भाऊंनी ग्लास हातात धरला, त्यात पाहिलं, आणि न पिता टेबलावर ठेवून गाडीकडे गेले.

बाबांनी तो ग्लास उचलला आणि सगळ्यांसमोर पिऊन टाकला.

गाड्या गेल्यावर काका आले. "झालं समाधान?" ते बाबांना म्हणाले. "पोरीची नोकरी गेली समज. आन निकाल लागू दे, टपरी उचलजो."

"दाढी वाढली तुही," बाबा म्हणाले. "बसतं का?"

काका थुंकून निघून गेले.

व्हिडिओ संध्याकाळपर्यंत सगळ्या मोबाइलांवर गेला. दुसऱ्या दिवशी समोरच्या पक्षाचे लोक आले, त्यांच्या उमेदवारासकट, आणि तेच पाणी, तीच बादली मागायला लागले. आमचीही दाढी याच पाण्यात करा, आम्ही दाखवतो जगाला. खुर्चीत एक शेतकरी बसला होता, अर्ध्या गालाला साबणाच्या कण्या लागलेल्या.

"आज दुकान बंद हाय," बाबा म्हणाले.

"मग हा कोण बसलाय?"

"हा मतदार हाय. याची करून राह्यलो."

हे सांगताना मला आजही हसू येतं, पण तेव्हा आलं नव्हतं. दोन्ही बाजूंना दुखावून आम्ही उघड्यावर उभे होतो. निकालापर्यंतचे दिवस माय रोज सकाळी आधी टपरी जागेवर आहे का ते बघून यायची.

बूथवर जायचं की नाही यावर शेवटपर्यंत भांडणं चालली. बाबा म्हणाले, "नाही गेलो तं म्हनतीन गाव झोपलं होतं." आम्ही तिघं गेलो. मी काय केलं ते लपवत नाही. मी यादीतली सगळी चिन्हं वाचली आणि सगळ्यांत खालचं बटण दाबलं, वरीलपैकी कोणीही नाही. माझ्या मते त्या यादीतला एकही माणूस आमच्या मोठ्या माठातलं पाणी प्यायला तयार नव्हता. बाबांनी कोणाला दिलं ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. निकाल लागला, गुलाल उडाला. त्या दिवशीही टाकी कोरडीच होती, त्यामुळे कोण निवडून आलं ते इथं सांगण्यात अर्थ नाही.

टपरीचा विषय ग्रामसभेत निघाला. काकांनीच काढला. अनुमोदन द्यायला कोणी उठलं नाही आणि विषय तिथंच पडला.

बदल दुसरीकडेच झाला होता. बोअरवर पाणी भरताना बायांनी आपसात ठरवून टाकलं की यापुढे गावात येणाऱ्या साहेबाला, नेत्याला, कोणालाही पाहुण्यांच्या माठातलं पाणी द्यायचं नाही. ठरवणाऱ्यांत माय पुढे होती. तिला एवढं काय झालं ते मी विचारलं तर म्हणाली, "त्यानं ग्लास परत ठेवला ना. माह्या घरचं गोड पानी. त्यानं प्यायलं नाही." तिचा अपमान तिथं झाला होता, मला वाटत होतं तसा टाकी कोरडी राहण्यात नाही.

मग जो अधिकारी येई त्याला आमचं पाणी मिळे. पहिला घोट घेतल्यावर त्यांचे चेहरे बघण्यासारखे व्हायचे. मी तालुक्याच्या कार्यालयात जायला लागले, पिशवीत बोअरच्या पाण्याची बाटली आणि साबणाची वडी. साहेबांच्या टेबलावर बशी मागायची आणि साबण घासून दाखवायचा. पहिल्यांदा शिपायानं बाहेर काढलं. नंतर तोच म्हणायला लागला, "आली का व साबनवाली. बस, साहेब आत्ताच आले." अखेर एक इंजिनियर गावात आला. बायांनी त्याला पाणी पाजलं आणि मग उन्हात पाइपलाइनवरून चालवत नेलं. गावाबाहेर, नाल्यात, पाइप संपला होता. पलीकडून पुन्हा सुरू होत होता. मधला जोडलाच नव्हता. टाकी बांधल्यापासून तसाच होता, आणि कोणी तिथवर चालत गेलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या आधी नाल्यावरचा पाइप जोडला आणि टाकीत पाणी चढलं. आमच्या आळीला एक दिवसाआड नळ येतो, पाणी गोड आहे. भाऊंच्या शाळेतली जागा मला मिळाली नाही, मी गावातच दहावी-बारावीच्या शिकवण्या घेते. बाबांची मूत्रपिंडं पहिल्यासारखी झाली नाहीत, पण डायलिसिस लागलं नाही. टपरी त्याच जागी आहे, आणि काका तिथंच दाढी करून घेतात. घरात आता एक माठ आहे, पाहुण्यालाही त्यातलंच पाणी देतो.